विश्वामित्रीसाठी काम करायचंय म्हणता?

परीक्षा संपल्या की कुणीतरी विचारतंच, "ताई, नदीसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोक्यात साफसफाई असते. बारा वर्षांपूर्वी मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरून हातमोजे घेऊनच निघाले होते. कचऱ्याबरोबर आम्ही काठावरची झुडपंही उपटली. शेजारी भाजी लावणारे एक काका म्हणाले, "बेन, कचरा न्या, झाडं कशाला? माती त्यांनीच धरलीय." पुढच्या पावसात तिथला काठ खचला.

म्हणून मोहिमेआधी एक जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि वडोदऱ्यात वळणं घेत फिरते. तिच्या उभ्या मातीच्या काठांत मगरी बिळं करतात. उन्हाळ्यात अंडी घालतात, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. काठ खोदायला जेसीबी लावायचा सोयीचा मोसमही नेमका तोच! मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, पण "तिथे बीळ होतं" एवढं नुसतं बोलून कुणी मानत नाही. वहीत तारीख हवी, फोटोत पुलाच्या खांबासारखी न हलणारी खूण हवी.

मग कोतरं शोधा. नदीला मिळणाऱ्या या घळींना आपण बडोद्याची मराठी माणसंही कोतरंच म्हणतो. पुराचं पाणी या कोतरांत आणि भूखी कांससारख्या कांसांत, म्हणजे पावसाळी ओढ्यांत, पसरायचं. तिथे माती टाकून भरणी झाली, प्लॉट पडले, आणि पाण्याने सोसायट्यांचा रस्ता धरला. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. लोक आजवा धरणातून सोडलेल्या पाण्याला बोल लावतात. तेही कारण असेल, पण टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, नकाशा जुन्या मोजणी नकाशावर ठेवून बघा, कोतरावरून सरळ रेघ गेलेली सापडेल. मला हे काम सगळ्यात आवडतं. कंटाळवाणं आहे, म्हणूनच फार कुणी करत नाही.

माहिती अधिकाराचा माझा पहिला अर्ज वाया गेला. अकरा प्रश्न, सगळे 'का'ने सुरू होणारे. एका कार्यालयाने दोन ओळींत वाटेला लावलं. कारणं विचारायची नसतात, कागद मागायचा असतो: भरणीच्या परवानगीची प्रत, कामाचा आदेश, हद्दीचा नकाशा. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर प्रथम अपील. पोच पावती जपा.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं आपलं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वाद उभा राहिल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. एकदा आम्ही सह्या गोळा करण्यात अख्खा पावसाळा घालवला आणि मुदत गेली. ती हळहळ अजून आहे. मुदतीत गेलात तरी घाई नको: विश्वामित्रीच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाविरुद्धचा अर्ज २०१६चा, आदेश २५ मे २०२१चा. आणि आदेश आला म्हणजे काम झालं असं नाही. तो अमलात येतोय का, हे बघायला पुन्हा तीच वही लागते.

पोटापाण्याचं म्हणाल तर नोकरी सोडू नका. मी रावपुऱ्यातल्या दुकानांचे हिशेब लिहिते, नदीला रविवार आणि दोन संध्याकाळी. सगळं सोडून आलेली मुलं दोन वर्षांत थकलेली पाहिली आहेत. घरचे "पगार किती?" विचारणारच, त्यांच्यावर चिडू नका.

आणि पाण्याच्या कडेला एकट्याने उतरायचं नाही. आमचा एक मुलगा ओंडक्यावर पाय ठेवून पाण्याचा नमुना घेणार होता. काकांनी मागून कॉलर धरली तेव्हा ओंडका हलला आणि सावकाश पाण्यात सरकला.