स्पॅनिशचा वर्तमानकाळ शिकताय? मग आधी 'दुखतंय' आणि 'मदत हवीये' शिका

स्पेन किंवा मेक्सिकोचं तिकीट काढलं की बहुतेक जण एखादं ॲप उघडतात आणि महिनाभर मुलगा सफरचंद खातो, मांजर दूध पितं अशी वाक्यं पाठ करतात. पण आई-बाबांना घेऊन माद्रिदमध्ये फिरताना बाबांच्या छातीत दुखायला लागलं तर लागणारं वाक्य वेगळं असतं, आणि खरं सांगायचं तर तेही वर्तमानकाळातच असतं. म्हणून माझं म्हणणं असं की वर्तमानकाळ शिकायचाच आहे ना, तर तो अडचणीच्या वाक्यांवरच शिका, म्हणजे व्याकरण आणि उपयोग दोन्ही एकदमच होतं.

आणि कृपा करून इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका, खूप सोपं जातं. आपल्याकडे 'बोलतोस' म्हटलं की तू आलाच, 'तू' वेगळा म्हणायची गरज नाही, स्पॅनिशचं अगदी तसंच, क्रियापदाचं शेपूट बघून कळतं कोण ते. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं मी आब्लो, तू आब्लास, तो/ती आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही सगळे आब्लाइस, ते आब्लान. 'एर'वाली क्रियापदं, जसं कोमेर (खाणे): कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'इर'वाली जवळपास तशीच, फक्त आम्ही आणि तुम्हीला फरक, बिबीर (राहणे, जगणे) चं बिबीमोस आणि बिबीस. त्यातलं ते 'आब्लाइस'वालं रूप फक्त स्पेनमध्ये लागतं, मेक्सिको कोलंबियाकडे जाणार असाल तर सोडून द्या. बाई बोलो की पुरुष, क्रियापद बदलत नाही, दोघंही आब्लोच. पण विशेषण बदलतं, मी हरवलोय हे पुरुष एस्तोय पेर्दीदो म्हणणार आणि बाई एस्तोय पेर्दीदा.

उच्चारात आपण नशीबवान आहोत, त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, ट ड नाहीत. h हे अक्षर लिहिलेलं असलं तरी म्हणायचं नाही, म्हणून ओस्पिताल. स्पेनच्या बऱ्याच भागात काही शब्दांतला स थ सारखा ऐकू येतो, फार्मासियाचं (औषधाचं दुकान) फार्माथिया होतं, घाबरू नका, तुम्ही स म्हटलात तरी सगळ्यांना कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुखणं. मे द्वेले ला काबेसा, डोकं दुखतंय. मे द्वेलेन लास प्येर्नास, पाय दुखतायत. बघा, एक वस्तू असेल तर द्वेले, जास्त असतील तर द्वेलेन, आणि 'मला' हे 'मे' मध्ये आलं. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हा सांगाडा ज्याच्या डोक्यात जन्मापासून आहे त्याला हे शिकवावंच लागत नाही, इंग्रजीवाले मात्र इथे अडकतात. शरीराचे एवढे शब्द घ्या: एल पेचो छाती, एल एस्तोमागो पोट, ला एस्पाल्दा पाठ, ला गार्गांता घसा, ला म्वेला दाढ. आणि कधीपासून ते सांगायला देस्दे. मे द्वेले देस्दे आयेर, कालपासून दुखतंय. आपण पण 'दुखतंय'च म्हणतो ना, त्यांचाही वर्तमानकाळच, म्हणजे भूतकाळ न शिकताच डॉक्टरला सगळी हकिकत सांगता येते. दोन दिवसांपासून ताप आहे, तेंगो फ्येब्रे देस्दे आसे दोस दीयास.

हे तेंगो तेनेर (जवळ असणे) या क्रियापदाचं, ते नियमात बसत नाही म्हणून सरळ पाठ करा: तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, तेनेइस, त्येनेन. ताप, भीती, थंडी, तहान सगळं याच्यावर चालतं. मग पोदेर (शकणे): प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस, पोदेइस, प्वेदेन, मधला ओ चा वे होतो, फक्त आम्ही तुम्हीला होत नाही, द्वेलेमध्ये पण तेच झालंय. नो प्वेदो रेस्पिरार, श्वास घेता येत नाहीये. नेसेसीतो उन मेदिको, डॉक्टर हवाय.

एक गोष्ट पुस्तकांत मागे पडते, ती म्हणजे 'तो/ती'चं रूप. ज्याला त्रास होतोय तो बहुतेक वेळा बोलायच्या अवस्थेत नसतो, बोलणार तुम्ही. म्हणून प्रत्येक वाक्य 'मी' आणि 'तो/ती' अशा जोडीत म्हणून बघा, तेंगो-त्येने, नेसेसीतो-नेसेसीता, प्वेदो-प्वेदे. मी माद्रे त्येने द्याबेतेस, आईला शुगर आहे (स्पॅनिशमधला हा मी म्हणजे 'माझी' किंवा 'माझा'). मी पाद्रे तोमा पास्तीयास पारा ला तेन्स्योन, बाबा बीपीच्या गोळ्या घेतात (लॅटिन अमेरिकेत तेन्स्योनच्या जागी प्रेस्योन म्हणा). दुखण्यात मेच्या जागी ले येतं, ले द्वेले एल पेचो, त्यांच्या छातीत दुखतंय. डॉक्टर पोलिसांशी बोलताना 'उस्तेद' वापरा, त्यालाही हेच तो/तीचं रूप लागतं, म्हणजे नवीन काही शिकायचं नाही.

ॲलर्जी असेल तर म्हणा 'सोय आलेर्हिको' (मला ॲलर्जी आहे), बाईने आलेर्हिका, पुढे आ ला पेनिसिलीना. शेंगदाण्याची असेल तर स्पेनमध्ये आ लोस काकावेतेस. आपल्या जेवणात शेंगदाण्याचं कूट इतकं असतं की ज्यांना चालत नाही त्यांना किती जपावं लागतं माहितीये, त्यांनी हे वाक्य पाठच करावं.

निदान स्वतः करू नका, काय होतंय तेवढं सांगा. 1980 मध्ये फ्लोरिडात एका 18 वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलात आणलं, घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' शब्द वापरला, त्यांना म्हणायचं होतं की खाण्यातून काहीतरी बाधलं, तिथल्या लोकांनी अर्थ घेतला ड्रग्जचा ओव्हरडोस. मेंदूत रक्तस्राव होत होता तो वेळेवर कळला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, नंतर तडजोडीची रक्कम जवळपास 7 कोटी 10 लाख डॉलर ठरली. तसंच 'कोन्स्तिपादो' इंग्रजी कॉन्स्टिपेटेडसारखं वाटलं तरी स्पेनमध्ये त्याचा अर्थ सर्दी झालेला, बद्धकोष्ठ म्हणायचं असेल तर एस्त्रेन्यीदो. आणि एम्बारासादा म्हणजे गरोदर, हा शब्द तर नीट लक्षात ठेवा, गरोदर असाल तर औषध घेण्याआधी तो सांगावाच लागतो.

फोन: स्पेनमध्ये 112, आपल्याकडचाच नंबर, मेक्सिकोत 911, कोलंबियात 123, चिलीत ॲम्ब्युलन्सला 131. फोनवर पहिल्यांदा काय झालं आणि कुठे हेच विचारतात, म्हणून आय उन आक्सिदेन्ते (अपघात झालाय), आय उन एरीदो (एक जण जखमी आहे), एस्तोय एन ला काये (मी अमुक रस्त्यावर आहे) आणि पुढे रस्त्याचं नाव. समजलं नाही तर मास देस्पास्यो, पोर फाबोर, जरा हळू बोला. रस्त्यात ओरडायचं झालं तर सोकोर्रो (वाचवा), आणि जवळच्या माणसाला यामे आ उना आम्बुलान्सिया, ॲम्ब्युलन्स बोलवा.

साध्या त्रासाला स्पेनमध्ये हिरव्या क्रॉसची फार्मासिया शोधा, रात्री बंद असेल तर जवळची कुठली 'फार्मासिया दे ग्वार्द्या' चालू आहे ते दारावर लावलेलं असतं.

पाकीट किंवा पासपोर्ट गेला तर नो एन्क्वेन्त्रो मी पासापोर्ते, पासपोर्ट सापडत नाहीये, इथेही वर्तमानकाळच. मग कोमिसारीया (पोलीस चौकी) गाठून म्हणा, क्येरो पोनेर उना देनून्सिया, तक्रार नोंदवायचीये. तिची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, माद्रिदच्या भारतीय दूतावासात आणि इन्शुरन्सवाल्यांकडे दोन्हीकडे तीच लागते.