डिफरन्शियलचे ऑइल बदलताना या चुका टाळा

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना देणारी आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी. तिचे ऑइल बदलताना सर्वांत महागात पडणारी चूक कामाच्या सुरुवातीलाच होते, ती म्हणजे खालचा ड्रेन प्लग आधी उघडणे. छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे हेच झाले. जुने ऑइल पूर्ण निथळले आणि मग लक्षात आले की ऑइल भरायचा वरचा फिलर प्लग गंजून इतका जाम झाला आहे की, पाना सटकून त्याच्या कडाच गोल झाल्या. ऑइलविना गाडी दोन दिवस जागची हलली नाही. म्हणून आधी फिलर प्लग सैल करून पाहावा आणि मगच खालच्या प्लगला हात लावावा.

‘गिअर ऑइल सगळे सारखेच’ हा समजही तितकाच घातक आहे. डिफरन्शियलमधील हायपॉइड (तिरकस दातांच्या) गिअरचे दात एकमेकांवर घासत सरकत असल्यामुळे त्यांना सहसा जीएल-5 दर्जाचे (जास्त दाब सोसणारे) ऑइल लागते. परंतु जीएल-4 सांगितलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेच ओतल्यास त्यातील गंधकयुक्त घटक गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपाय करू शकतात. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत) अनेक गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, लागते आणि काही ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागच्या क्लच कपलिंगचे तेल वेगळेच असते. ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड 75डब्ल्यू-90 की 80डब्ल्यू-90, हे दुकानदाराला न विचारता गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

आपल्या भागात, विशेषतः पावसाळ्यात, फारसे कोणी पाहत नाही असा भाग म्हणजे ब्रीदर, म्हणजेच डिफरन्शियलमधील हवा आत-बाहेर जाऊ देणारी छोटी नळी किंवा झडप. लांबून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते. ती फरशी पुलावरच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि काळ्या मातीच्या चिखलाने ब्रीदर बुजलेला असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. काढलेले ऑइल दुधाळ, साय धरल्यासारखे दिसले तर पाणी शिरले आहे हे निश्चित समजावे. अशा वेळी केवळ ऑइल बदलून भागत नाही. ब्रीदर साफ करून सीलही तपासावे लागते, अन्यथा नव्या ऑइलचीही तीच गत होते.

ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावरचा थर बोटांत चोळून पाहावा. काजळीसारखी मऊ, करडी पेस्ट ही नेहमीची झीज असते. टोचणारे तुकडे किंवा दाताची कपची हाती लागली, तर गाडी चालवू नये.

ऑइल भरताना गाडी सपाट जागेवर असावी. एकच बाजू जॅकवर उचलून भरल्यास पातळी चुकते. बहुतेक गाड्यांत फिलरच्या छिद्राच्या खालच्या कडेशी ऑइल आले आणि पाझरू लागले की थांबावे, कारण जास्त भरलेले ऑइल फेसाळून ब्रीदरमधून बाहेर येते. जुने वॉशर पुन्हा वापरू नयेत.

ऑइल बदलूनही वळणावर गाडी अडखळत असेल, तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये (एकच चाक मोकळे घसरू न देणाऱ्या प्रकारात) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण नियंत्रित करणारा ऑइलमधील पूरक घटक, घालायचा राहिला का ते पाहावे, आणि चारही टायर सारखेच झिजलेले आहेत का तेही तपासावे. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असतील, तर नुसत्या ऑइलने तो दोष जाणार नाही.