डिव्हिनिटी स्कूलचा अर्ज आणि 52 टक्के : या चुका टाळा

बी.कॉम.ला 52 टक्के आणि दुसऱ्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी, अशी माझी गुणपत्रिका. तिच्या जोरावर मी अमेरिकेतल्या चार डिव्हिनिटी स्कूलना, म्हणजे धर्माचा अभ्यास शिकवणाऱ्या संस्थांना, अर्ज केले. चारही ठिकाणांहून नकार आला. दोन वर्षांनी त्याच गुणपत्रिकेवर पुन्हा अर्ज केले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आता कोणी ना कोणी विचारायला येतं, "ताई, एवढ्या मार्कांत होईल का?" होतं. पण पहिल्या वेळी मी जे केलं ते तुम्ही करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मार्कांची कैफियत मांडत बसणं. अर्जासोबत आपण हे का शिकणार ते सांगणारं निवेदन (स्टेटमेंट ऑफ पर्पज) द्यावं लागतं. माझ्या पहिल्या निवेदनाचं अर्धं पान बाबांचं आजारपण, दुकान सांभाळणं, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं हॉस्पिटल यांतच संपलं होतं. सगळं खरं होतं. तरी ते वाचून प्रवेश समितीला माझ्या अडचणी कळल्या, मी काय विचार करते ते कळलं नाही. गुणपत्रिका त्यांच्यासमोर असतेच, ती दोनदा वाचून दाखवायची गरज नसते. दुसऱ्या वेळी मी तीन वाक्यं लिहिली : काय घडलं, कधी संपलं, त्यानंतर मी काय शिकले. तीही मुख्य निवेदनात नाही, जादा माहितीसाठी जागा असते तिथे. अशी जागा नसेल तर निवेदनाच्या शेवटी दोन ओळी पुरतात.

उरलेल्या पानांत काय लिहायचं, इथे आपली मुलं अडखळतात. "सर्व धर्मांचं सार एकच आहे, मला जगात शांती आणायची आहे," असं लिहितात. मीही लिहिलं होतं. या वाक्याशी कोणाचं भांडण नसतं, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या वेळी मी मांडवीतून देवउठी एकादशीला निघणाऱ्या विठ्ठलनाथजींच्या वरघोड्याबद्दल, म्हणजे मिरवणुकीबद्दल, लिहिलं. आमच्या घरी आषाढी म्हणजे पंढरपूरचा विठोबा, आणि इथे कार्तिकात गुजराती गर्दीतून निघालेले विठ्ठलनाथजी. माझी आजी दोघांनाही तितक्याच सहजपणे हात जोडते. तिच्या मनात हे दोन देव आहेत की एक? मराठी आणि गुजराती भक्ती एकाच रस्त्यावर भेटतात तेव्हा नेमकं काय होतं? उत्तर माझ्याकडे नव्हतं, तसं मी स्पष्ट लिहिलं, आणि ते शोधायला कोणती भाषा आणि कोणत्या पद्धती शिकायच्या आहेत तेही लिहिलं. तुमच्या गल्लीतला, घरातला असा एक प्रश्न शोधा. तो सापडेपर्यंत निवेदन लिहायला बसू नका.

घरचे विचारतील, "पाद्री होणार का?" त्यांच्यावर चिडू नका, प्रश्न रास्त आहे. 1816 साली सुरू झालेलं हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल मुळात ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवण्यासाठीच होतं. आज तिथे हिंदू, बौद्ध, मुस्लिम, कुठलाच धर्म न मानणारे, सगळे शिकतात. आणि बडोद्याला हा विषय परका नाही. सयाजीराव महाराजांनी तौलनिक धर्माभ्यास शिकवायला बडोदा कॉलेजात आल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकांना नेमलं होतं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि 1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी काम करणारं डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. आजोबांना हे सांगितल्यावर माझ्या घरचा विरोध अर्ध्यावर आला.

पुढची चूक पदवी निवडण्याची. एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) हा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष सेवेच्या तयारीसाठी असतो : रुग्णालयात, तुरुंगात, प्रार्थनास्थळी काम करणं त्याचा भाग असतं. अभ्यास आणि संशोधनाकडे वळायचं असेल तर हार्वर्डचं एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज), येलचं एम.ए.आर. (मास्टर ऑफ आर्ट्स इन रिलिजन), शिकागोचं एम.ए. असे मार्ग आहेत. नाव भारदस्त वाटलं म्हणून मी एम.डिव्ह. भरलं आणि निवेदनात मात्र पोथ्या वाचायच्या आहेत असं लिहिलं. असा विसंगत अर्ज कमी मार्कांपेक्षा जास्त नडतो.

आता मार्क. टक्क्यांना 25 ने भागून स्वतःच जी.पी.ए. (अमेरिकेतली चारपैकी मोजायची गुणांची सरासरी) काढू नका. गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा, बाहेरच्या संस्थेकडून मूल्यांकन हवं असेल तर विद्यापीठ तसं सांगतं. एटीकेटीची गुणपत्रिका वगळू नका, ते उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. आपली तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून विचारा, आणि फी माफ होते का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

जुने मार्क बदलत नाहीत, पण नवा पुरावा उभा करता येतो, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. मी इग्नूतून तत्त्वज्ञानात एम.ए.ला नाव घातलं, सोबत संस्कृतची शिकवणी लावली. वाणिज्याच्या 52 टक्क्यांशेजारी तत्त्वज्ञानाचे 68 टक्के दिसले, की वाचणाऱ्याला आपण पुढे कुठे निघालोय ते दिसतं. ऑक्सफर्ड सेंटर फॉर हिंदू स्टडीजचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. आणि आपल्या गावात प्राच्यविद्या मंदिर आहे, जिथे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. पाठभेद म्हणजे काय, एका श्लोकाची दहा रूपं शेजारी ठेवून कोणतं आधीचं हे कसं ठरवतात, ते त्या आवृत्तीच्या पानांखालच्या टिपांत मला पहिल्यांदा कळलं. निवेदनात त्याबद्दल एक परिच्छेद होता.

शिफारसपत्रं. पहिल्या वेळी एका ट्रस्टी काकांचं पत्र घेतलं, मोठं नाव म्हणून. दुसरं एका प्राध्यापकांचं, "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणाले, आणि मी लिहिलं. दोन्ही पत्रं कोणाबद्दलही चालली असती. ज्यांनी तुमचं लिखाण तपासलंय, ज्यांच्याशी तुम्ही वाद घातलाय, अशांकडेच जा. त्यांना निवेदनाचा मसुदा आणि गुणपत्रिका दोन्ही द्या. कमी मार्कांचा खुलासा त्यांच्या पत्रात आला तर तुमच्या दहा ओळींपेक्षा जास्त वजन पडतं. पत्र शक्यतो त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरून जाऊ द्या.

पैशांचं गणित शेवटी करू नका. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांना बहुधा टक्क्यांची अट असते. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला 60 टक्के लागतात, शिवाय 2022 च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषय वगळले. म्हणजे आपल्यासारख्यांना दोन्हीकडून दार बंद. तिथल्या संस्थांची स्वतःची मदत मात्र बरीचशी गरज पाहून मिळते. 2022 मध्येच येल डिव्हिनिटी स्कूलने गरजू विद्यार्थ्यांची पूर्ण शिकवणी फी शिष्यवृत्तीतून भरण्याचं जाहीर केलं. म्हणून प्रवेशाच्या अर्जासोबत आर्थिक मदतीचा अर्ज त्याच दिवशी भरा. मी तो "आधी प्रवेश तर मिळू दे" म्हणून मागे ठेवला होता.

बऱ्याच ठिकाणी मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसं बंद असतात, प्राध्यापक गावाला जातात. तेव्हा ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत प्रतीसाठी, विद्यापीठाकडे ऑगस्टमध्येच अर्ज करा, आणि शिफारसपत्रासाठी नवरात्राच्या आधी भेटून या.