सर्व्हरचं रिमोट लॉगिन टाइट करा, पण स्वतः बाहेर अडकू नका

सर्व्हर इंटरनेटवर आला की पोर्ट २२ वर (एसएसएच, म्हणजे रिमोट लॉगिनचं नेहमीचं पोर्ट) बॉट लगेच रूटचे, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचे, पासवर्ड मारायला लागतात, लॉग उघडून बघा, दिसतीलच. म्हणून आधी स्वतःसाठी वेगळा युजर बनवा आणि त्याला सुडो द्या, म्हणजे गरजेपुरते रूटचे अधिकार, उबुंटू-डेबियनवर सुडो ग्रुप, फेडोरावर व्हील.

मग की, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाइलींची जोडी, एक प्रायव्हेट, एक पब्लिक. ती आपल्या लॅपटॉपवरच बनवायची, एसएसएच-कीजेनला टाइप ईडी२५५१९ सांगा, आणि पासफ्रेज विचारला की नुसतं एंटर मारू नका प्लीज, लॅपटॉप चोरीला गेला तर मधे तेवढीच एक आडकाठी असते, रोज टाइप करायचा कंटाळा येतो तर उघडलेली की लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट आहे ना. पब्लिक की एसएसएच-कॉपी-आयडीने सर्व्हरवर टाका. प्रायव्हेट की कुणालाच पाठवायची नाही, स्वतःला मेलसुद्धा नाही. कीने लॉगिन होत नसेल तर बहुतेक परमिशनचा घोळ असतो, सर्व्हरवरच्या डॉट-एसएसएच फोल्डरची परमिशन ७००, आतल्या ऑथोराइज्ड-कीज फाइलची ६०० ठेवा, म्हणजे फक्त तुम्हालाच हात लावता येतो.

कीने नीट आत जाता आलं, सुडोही चाललं, की मगच एसएसएचडीच्या (सर्व्हरवर लॉगिन घेणारा प्रोग्राम) कॉन्फिगला हात लावा. परमिट-रूट-लॉगिन नो, पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो, आणि केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन पण नो, नाहीतर त्या वाटेने पासवर्ड परत विचारला जाऊ शकतो.

आता खरी गोची. या कॉन्फिगमध्ये बहुतेक सेटिंगची जी व्हॅल्यू आधी वाचली जाते तीच धरली जाते, नंतरची नाही, आणि उबुंटूसारख्या सिस्टिमवर एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमधल्या फाइली मेन फाइलच्या वरच्याच ओळीत ओढल्या जातात, म्हणजे तिथे कुठे क्लाउड-इनिटने (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सेट करणारा प्रोग्राम) पासवर्ड-ऑथेंटिकेशन येस लिहून ठेवलं असेल तर तुम्ही खाली नो लिहूनही पासवर्ड चालूच राहतो आणि तुम्ही निर्धास्त! म्हणून सुडोने एसएसएचडीला कॅपिटल टी देऊन चालवा, शेवटी काय लागू होतंय ते सगळं छापून येतं.

स्मॉल टी दिला तर कॉन्फिगमधल्या सिंटॅक्सच्या चुका कळतात, त्या काढूनच एसएसएच सर्व्हिस रिलोड करा. आणि चालू असलेलं सेशन बंद करू नका!! दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन लॉगिन करून बघा, सुडो चालतंय का बघा, काही बिघडलं तर जुन्या सेशनमधून लगेच उलटं फिरवता येतं. फायरवॉल लावतानाही तसंच, आधी एसएसएच अलाऊ, मग एनेबल.

पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, पण त्याला सिक्युरिटी समजू नका. टीममधे अनेक जण असतील तर प्रत्येकाचा युजर आणि की वेगळी ठेवा, म्हणजे कुणी सोडून गेलं की फक्त त्याचं अकाउंट बंद करायचं, बाकीच्यांचं काही हलत नाही.