कोरियन विद्यार्थ्यांना जपानी उच्चार शिकवताना

जपानमध्ये जपानी शिकवण्याचं प्रशिक्षण घेताना सरावाच्या वर्गात कोरियन विद्यार्थी भेटतातच. वाक्यरचना त्यांना सोपी जाते, तुमचा वेळ जाणार तो उच्चारांत.

'दाइगाकु' (विद्यापीठ) म्हणायला सांगितलं की 'ताइगाकु' ऐकू येतं, म्हणजे चक्क शिक्षण सोडणं! पण याला 'द' येत नाही असं लगेच ठरवू नका. कोरियनमधला साधा त शब्दाच्या सुरुवातीला अघोष (गळ्यात कंप नसलेला) असतो आणि दोन स्वरांमध्ये आपोआप घोष (कंप असलेला, 'द'सारखा) होतो. त्यांचा कान साधा, घट्ट (गळा आवळून म्हटलेला) आणि महाप्राण ('थ'सारखा हवा सोडून म्हटलेला) असे तीन प्रकार वेगळे करतो. घोष-अघोषाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. क्योतोची किन्काकुजी आणि गिन्काकुजी ही दोन मंदिरं कोरियन लिपीत अगदी सारखीच लिहितात.

मी 'कोनो दाइगाकु' (हे विद्यापीठ) म्हणायला लावते. दोन स्वरांमधला 'द' स्वच्छ येतो. मग 'कोनो' पुटपुटायचं, नंतर नुसतं मनात. जिभेच्या जागेवर व्याख्यान देण्यापेक्षा हे कधीही बरं. याच नियमाने 'वाताशी'चं (मी) 'वादाशी' होतं, तेही ऐकत राहा.

'गोझाइमास'चं 'गोजाइमास' आणि 'त्सुकुए'चं 'चुकुए' होतं, कारण ते ध्वनी कोरियनमध्ये नाहीत. आपल्याला 'चमचा'तला च आणि 'जग'मधला ज आयताच मिळालाय, म्हणून त्यांची अडचण आपल्याला खरी वाटत नाही.

लांबीचं दुखणं वेगळं. कोरियनमध्ये 'नुन' आखूड म्हटलं की डोळा, लांबवलं की बर्फ; पण सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यातून हा फरक गेलाय. म्हणून 'ओबाआसान' (आजी) आणि 'ओबासान' (मावशी, आत्या) एक होतात. 'लांब म्हणा' सांगितलं की ते जोर देतात. त्यापेक्षा टेबलावर बोटाने मोरा (जपानी शब्दातले सारख्या लांबीचे ठेके) मोजायला लावा: ओ-बा-आ-सा-न, पाच. 'किते' दोन, 'कित्ते' (टपाल तिकीट) तीन. मधल्या मोराला आवाज नाही, तरी बोट आपटायचंच. आपणही फुशारकी मारू नये. 'पक्का' म्हणणाऱ्यांना जोडाक्षर सोपं, पण ए आणि ओ आपण सरसकट एकाच लांबीचे म्हणतो. जपानीत 'तोक्यो'तले दोन्ही ओ दीर्घ, एकूण चार मोरा.

'न'नंतर स्वर आला की कोरियन जीभ दोन्ही जोडून टाकते. 'किन्एन' (धूम्रपानबंदी) मग 'किनेन' (स्मरण) होतं. तिथे जीभ टाळूला टेकूच द्यायची नाही, 'संयम'मधल्या अनुस्वारासारखं नाकातून जाऊ द्यायचं.