मल्चिंग पेपरचा चुरा होण्याआधी तो शेतातून कसा काढावा

खानदेशात टरबूज किंवा मिरची निघाल्यावर गादीवाफ्यावरचा मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायला अंथरलेला पातळ प्लास्टिकचा पडदा, रोटाव्हेटरखाली (माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्राखाली) घातलेला अनेकदा दिसतो. हा पेपर पॉलिथिनचा असतो, त्यामुळे तो शेणखतासारखा कुजत नाही, नुसता फुटत जातो. उन्हातील अतिनील किरणे आणि हवेतील ऑक्सिजन मिळून पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात, उष्णतेने तो वेग वाढतो, आणि जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की उघडा पेपर ठिसूळ व्हायला लागतो. काळ्या पेपरातील काजळी किरणे शोषून ही झीज लांबवते, थांबवत नाही. मातीत दाबलेल्या कडांना ऊन लागत नाही आणि जिवाणूंनाही पॉलिथिन सहज पचत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान झालेले तुकडे म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक. ते वेचता येत नाहीत आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांतून गिरणा-तापीपर्यंत जाऊ शकतात.

म्हणून शेवटचा तोडा झाल्यावर फार दिवस थांबू नये. वाफ्याच्या माथ्यावरचा पेपर चिमटीत धरून घडी घालावी व हलकेच ओढावे: तो ताणला तर अजून अखंड निघेल, घडीवर चिरला तर त्याच आठवड्यात काम उरकावे. आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्याव्यात आणि झाडांची खोडे उपटावीत, कारण खोडाच्या छिद्रापासूनच पेपर फाटत जातो. जमीन वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना कोरडी, असताना दोन्ही कडांची माती कुदळीने सैल करावी. आमची काळी माती कोरडी पडली की कडा दगडासारख्या धरून ठेवते, आणि ओली असेल तर पेपराला चिखल चिकटून त्याचे वजन वाढते. मग एका टोकाकडून दोघांनी मिळून, झटका न देता, पेपर उचलत गुंडाळावा, माती झटकावी आणि गुंडाळी सावलीत ठेवावी. मातीने भरलेला पेपर भंगारवाला सहसा घेत नाही. सुटलेल्या कडा वखरणीपूर्वी हाताने वेचाव्यात. बांधावर पेटवणे हा उपाय नव्हेच. त्याचा धूर विषारी असतो.

‘ऑक्सो’ (लवकर फुटावा म्हणून रसायन मिसळलेला) म्हणून विकला जाणारा पेपर कुजत नाही, फक्त लवकर फुटतो, आणि अशा प्लास्टिकवर युरोपीय संघाने 2021 पासून बंदी घातली आहे. नवा पेपर घेताना तो मातीतच विघटित होणारा असल्याचे प्रमाणपत्र दुकानदाराकडे मागावे. ते नसेल तर साधाच, पण जाड पेपर घ्यावा, कारण तो काढताना कमी फाटतो.