नव्या माशाच्या वेगळ्या टाकीसाठी स्पंज आधीच तयार ठेवा

दुकानातून आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडला आणि त्याच्यावर पांढरे ठिपके निघाले, तर जुने मासेही आजारी पडतात. म्हणून त्याला 3-4 आठवडे वेगळं ठेवायचं. पण कोऱ्या टाकीत घाण पचवणारे उपयोगी जिवाणू नसतात, त्यामुळे माशाच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया साचतो आणि धडधाकट मासाही दगावतो.

त्यावर उपाय: एक जादा स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजातून पाणी गाळणारा) मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात कायम चालू ठेवा. महिना-दीड महिन्यात त्यात जिवाणू रुजतात. मासा आणायच्या दिवशी:

1. साबण न लागलेला 20-25 लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या. छोट्या माशांना तो पुरतो.
2. अर्धं पाणी मोठ्या टाकीतलं, अर्धं क्लोरीन काढलेलं.
3. स्पंज न पिळता, नळाखाली न धुता तसाच टबात लावा. थंडीत हीटरही लावा.
4. तळाशी खडे नकोत. विष्ठा, उरलेलं खाणं चटकन दिसतं. लपायला मात्र पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे टाकाच. आडोसा नसला की बिचारा कोपऱ्यात थरथरत राहतो, खातही नाही. पाइप मिळाला की बहुतेक मासे लवकर स्थिरावतात आणि तोंड बाहेर काढून दाण्याची वाट बघतात.
5. वर जाळी झाका, दिवा मंद ठेवा. एक दिवसाआड पाव पाणी बदला.

टबातली जाळी, नळी किंवा तो स्पंज ओला असताना मोठ्या टाकीत नेऊ नका. आधी उन्हात कडकडीत वाळवा.